येळवशीला घरी राहिलेली सून

"मी आज घरीच थांबते," असं वर्षाराणी म्हणाली आणि बाजरीचे उंडे वळणारा जगदेवीबाईंचा हात परातीतच थांबला.

चुलीवर भाज्या-डाळींची भज्जी रटरटत होती. आंबिलीचं मातीचं बिंदगं कालपासून तोंड बांधून कोपऱ्यात बसलं होतं. येळवशीची सकाळ म्हणजे निलंग्यात घराघरातून एकच लगबग. मार्गशीर्षातल्या या अमावास्येला अख्खं गाव रानात जेवायला जातं. दुपारी गावात फिरलं तर कुलपंच तेवढी भेटतात.

"थांबते म्हंजी? ताप आलाय का?" जगदेवीबाईंनी विचारलं.

"नाही अत्या."

"पोटात दुखून राहिलंय?"

"नाही ओ. पुण्याच्या बाईंना पाठवायचंय ना, ते वाक्यांचं. आज संध्याकाळपर्यंतच मुदत हाय. दोनदा परत आलं, आता हे शेवटचं."

हे वाक्यांचं प्रकरण घरात महिनाभर गाजत होतं. पुण्यातली एक संस्था दृष्टी नसलेल्या मुलांसाठी बोलका शब्दकोश करत होती. शब्द कानावर पडायचा, मग त्याचा अर्थ, मग तो शब्द घातलेली पाच वाक्यं. ती वाक्यं रचायला आणि आपल्याच आवाजात बोलायला त्यांना माणसं हवी होती. निवडीसाठी ज्याला त्याला एक शब्द दिलेला. वर्षाराणीच्या वाट्याला आला 'केविलवाणा'.

डीएड होऊन तिला पाच वर्षं झाली होती. नोकरीची भरती काही निघाली नाही, लग्न तेवढं निघालं, आणि मग मल्लिका झाली. आता मल्लिका सव्वा वर्षाची होती. वर्षाराणीचा तो शाळेत कविता म्हणणारा, बक्षिसं आणणारा आवाज हल्ली दोनच वाक्यं बोलायचा, "नको गं तोंडात घालू" आणि "ये गं गाई गोठ्यात." घरात कुणी वाईट नव्हतं, कशाला ना नव्हती. पण दिवसाच्या शेवटी आपलं म्हणून काही उरत नाही, असं तिला वाटायचं. मल्लिका झोपली की ती मिळेल त्या अर्ध्या तासात वाक्यं जुळवायची. हे काम तिला हवं होतं. फार हवं होतं.

पहिल्यांदा पाठवलं तेव्हा मधेच कुकरची शिट्टी वाजली होती. दुसऱ्यांदा गल्लीतून भंगारवाल्याचा भोंगा गेला आणि पाठोपाठ मल्लीनं सूर लावला. शिवाय पुण्याच्या बाईंनी खाली लिहिलं होतं, 'आवाज छान आहे. पण वाक्यं रडकी झालीत. रडकं वेगळं, केविलवाणं वेगळं. ऐकणाऱ्या मुलाला समोर माणूस दिसला पाहिजे.' ते वाचून ती दोन दिवस धुसफुसत होती. तिसऱ्या दिवशी तिला पटलं.

"येळवशीला घरी कोन ऱ्हातंय, माहितीय का?" जगदेवीबाई म्हणाल्या. "बाळंतीन ऱ्हाती, न्हाईतर अंथरुनाला खिळलेलं मानूस. ज्याला गुंठाभर रान न्हाई त्याला बी दहा जन हाताला धरून नेत्यात. अन् माझी सून दार लावून बसनार! लोक काय म्हनतील?"

"लोक सगळे रानात असतील अत्या. म्हणायला गावात उरतंय कोण?"

दारात पायताण शोधणारे सासरे, शिवप्पा, खो खो हसले. "हे मातर खरं बोलली पोरगी."

"तुमी गप ऱ्हावा. तिच्या बिलोलीकडं येळवस न्हाई, तिला काय कळनार. तुमाला तर कळती का न्हाई?"

शेवटी नवऱ्यानं मध्यस्थी केली. शिवप्रसाद कमी बोलायचा, म्हणून त्याचं घरात चालायचं. "मल्लीला मी घेतो. वर्षाला बसू दे. काम झालं की मी गाडीवर येऊन घेऊन जातो. आई, संध्याकाळी हेंडगा पेटवून रानाभवती फिरवायच्या आत ती रानात आसंल, मग तर झालं?"

जगदेवीबाईंनी उंडे भराभर टोपल्यात भरले. पण निघताना चुलीजवळ एका पातेल्यात भज्जी, चार उंडे आणि तांब्याभर आंबील झाकून ठेवली. वर भांड्यावर एक वाटी जरा जास्तच जोरात आपटली.

बिंदगं शिवप्पांच्या डोक्यावर, टोपलं जगदेवीबाईंच्या डोक्यावर, मल्ली बापाच्या खांद्यावर. गल्लीच्या वळणावर मल्लीनं मागं बघून हात हलवला आणि ती सगळी दिसेनाशी झाली.

आणि मग काय ती शांतता! वर्षाराणी घरभर नुसतीच फिरून आली. सव्वा वर्षात पहिल्यांदा ती सबंध कप चहा गरम असताना प्यायली. कुणी पदर ओढेना, कुणी हाक मारेना. गल्लीत एक मोटारसायकल नाही की भोंगा नाही. तिनं गोधड्यांची चवड केली, तिच्यावर मोबाईल ठेवला, पुढ्यात मांडी घालून बसली आणि वाक्य जुळवायला लागली.

'पावसात भिजलेलं कुत्र्याचं पिल्लू केविलवाणं दिसत होतं.'

हे तर तिसरीच्या पुस्तकात असेल. तिनं ते सोडलं.

'त्या पोरक्या मुलाचा केविलवाणा चेहरा पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.'

कुठला पोरका मुलगा? कुणाच्या डोळ्यांत पाणी? तिच्या डोळ्यांत तर आनंद मावत नव्हता. अडचण हीच होती. इतक्या खुशीत बसून माणूस केविलवाणं आणणार कुठून? तिनं आरशात तोंड पाडून पाहिलं, तर हसूच आलं.

तरी तिनं दोन वाक्यं जमवली, घसा साफ केला, मोबाईलवरचं लाल बटण दाबलं. "केविलवाणा. वाक्य पहिलं..."

दारावर थापा पडल्या.

समोरच्या शांतम्मा होत्या. नवी इरकल नेसलेल्या, डोक्यावर टोपलं, आणि मागं गल्लीच्या तोंडाशी त्यांचा टेम्पो घरघरत उभा.

"अगं बाई! खिडकीतून सावली दिसली म्हनून आले. तू एकलीच?"

"हाव, जरा काम होतं."

"येळवशीला काम?" शांतम्मांनी टोपलं खाली ठेवलं, तिची हनुवटी धरली आणि आवाज एकदम खाली आणला. "भांडान झालं का गं?"

"नाही ओ मावशी!"

"न्हाईच म्हननार तू. बिलोलीची मान्सं सोसनारी. मी इचारत न्हाई काई. पर उपाशी ऱ्हाऊ नगंस." असं म्हणून त्यांनी टोपल्यातली शेंगदाण्याची पोळी आणि अर्धं भरीत ताटात काढून दिलं. तिच्या डोक्यावरून हात फिरवला, डोळ्याला पदर लावला आणि टेम्पोत जाऊन बसल्या. टेम्पोतली आठ-दहा तोंडं एकाच वेळी तिच्याकडं वळली आणि सगळी एकदम हळहळली.

वर्षाराणी आत येऊन बसली. बटण दाबलं. "केविलवाणा. वाक्य..."

मोबाईल वाजला. किल्लारीहून नणंद, सिंधू.

"वयनी, दादा काई बोलला का तुला?"

"कोण म्हणालं?"

"कोन म्हनालं ते जाऊ दे. शांतम्माची सून माझ्या जावंची बहीन हाय. तू रडू नगंस. मी आईशी बोलते. येळवशीला सुनेला घरी ठिवायचं, ही काय रीत झाली?"

"वन्सं, मी माझ्या मनानं राहिलेय. मला पुण्याला वाक्यं पाठवायचीत."

सिंधू अगदी मायेनं म्हणाली, "बरं. तसं सांग लोकांना."

तिचा फोन होतो न होतो तोवर बिलोलीहून वडिलांचा. त्यांनी फार काही विचारलं नाही. "आत्ता निघालो तर रातच्याला पोचतो. बस धरू का?" एवढंच. त्यांना समजावताना तिला घाम फुटला. एवढ्या वेळात तिच्या लक्षात आलं, की निलंग्यापासून किल्लारीपर्यंत आणि किल्लारीपासून बिलोलीपर्यंत ती दुःखी असल्याचं सगळ्यांना ठाऊक झालेलं आहे. फक्त तिलाच पत्ता नव्हता.

दुपार कलायला लागली. एक वाक्य सलग बोलून झालं नव्हतं. दोन घरं सोडून राहणाऱ्या पंचफुलाबाई घरी विसरलेली विळी न्यायला रानातून परत आल्या होत्या, त्या तिला गाडग्यात आंबील देऊन गेल्या. उशिरा रानाकडं निघालेल्या आणखी दोघी आंबील आणि उंडे ठेवून गेल्या. त्यांच्यानंतर हणमंतराव आले. हे शिवप्पांचे दोस्त, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. मोटारसायकल दारात लावली आणि उंबऱ्याबाहेरूनच बोलले.

"पोरी, चल. आमच्या रानात चल. काय झालं, कसं झालं, मी इचारनार न्हाई. आमची मानसं बी इचारनार न्हाईत, तसं मी सांगून आलोय."

"सांगून आलात?"

"हाव. समद्यास्नी."

वर्षाराणीनं कपाळावर हात मारला. चुलीजवळ आता चार घरची आंबील आणि तीन घरचे उंडे होते. गावाला तिची इतकी कीव आली होती, की आठवडाभर स्वयंपाक करायची गरज नव्हती. तेवढ्यात शिवप्रसादचा फोन आला.

"झालं का गं?"

"एक बी नाही. लोक बसू देईनात. तिकडं काय चाललंय?"

"चाललंय. पर आई जेवली न्हाई अजून."

"का?"

"जो येतो तो पैल्यांदा इचारतो, सून कुठाय. आई सांगती, तिचं काम हाय, पुण्याचं. कुनी खरं मानीना. कमलम्मा मावशी तर तोंडावर म्हनाली, 'लपवू नगं जगदेवी, घरोघर हेच हाय.' तरी आई आपली एकच सांगून राहिली. काम हाय, तिचं काम हाय. आता बांधावर उभी हाय, पळी हातात घेऊन."

वर्षाराणीला एकदम सकाळची ती आपटलेली वाटी आठवली. सकाळी जिला हे काम पटत नव्हतं, ती बाई आता भर रानात, भावकीसमोर, त्याच कामाची बाजू लढवत उभी होती. आणि तीही उपाशी.

तिनं फोन बंद केला, पायांत चपला सरकवल्या. "हणमंतकाका, चला. पण तुमच्या रानात नाही, आमच्या."

"आँ? मग भांडान?"

"गाडी चालू करा, वाटेत सांगते."

औरादच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी माणूसच माणूस. हरभऱ्यात, करडीत, तुरीच्या कडेनं पंगती बसलेल्या. एका बांधावर एक जण उभा राहून रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करत होता, "या, या, जेवायला या!" जो तो घाईत, कुणी थांबेना. त्याचा हात हळूहळू खांद्याच्या खाली यायला लागला होता. हणमंतरावांनी गाडी हळू करून ओरडून सांगितलं, "येतो परतताना!" तेव्हा तो हात पुन्हा वर गेला. वर्षाराणी मागं वळून वळून त्याच्याकडं बघत राहिली.

जगदेवीबाई खरंच बांधावर होत्या. सून दिसताच त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच आवळला.

"झालं काम?"

"नाही अत्या."

"मग आलीस कशाला?"

"तुम्ही जेवल्या नाहीत म्हणून."

"माझ्या जेवन्याचं काय घिऊन बसलीस! मी इथं सकाळपासून समद्यास्नी तुझं काम सांगून राहिले, अन् तू काम न करताच आली! आता मी लोकांना काय सांगू?"

कमलम्मा आणि बाकीच्या बायका हातातले घास हातातच धरून दोघींकडं बघत होत्या. त्यांना वाटलं होतं तसं हे भांडण दिसेना. भांडण होतं, पण उलटंच.

"किती ऱ्हायलंय?" शिवप्पांनी विचारलं.

"पाच वाक्यं. पण इथं कसं बोलू मामा? आवाज येतो."

आवाज तर होताच. पोरं 'ओलगे-ओलगे' असा येळवशीचा पुकारा करत ज्वारीतून पळत होती, शेजारच्या रानात ट्रॅक्टरवर गाणी लागली होती.

"कोपीत बस की," पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या खोपटाकडं बोट दाखवत शिवप्पा म्हणाले. "कडब्याच्या पेंढ्या हायत दाट, वरून शाल गुंडाळलीय. आत बसलं की भायेरचं काई ऐकू येत न्हाई. मी सकाळी पूजंला बसलो तवा ही मला धा हाका मारत होती, म्हनं."

"धा न्हाई, ईस," जगदेवीबाई म्हणाल्या. "पर कोपीत पांडव मांडलेत, लक्षुमी हाय. तिथं बसून हे केविलवानं बोलायचं?"

"पूजा झालीय. लक्षुमी काय हिच्या वाक्याला नावं ठिवनार हाय का?"

वर्षाराणी वाकून कोपीत शिरली. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, पुढं पणती, कडब्याचा गोडसर वास. तिनं शाल सारखी केली आणि बाहेरचा गलका खरोखरच कुणीतरी उशीखाली दाबल्यासारखा दबला. पेंढ्यांच्या फटीतून तेवढं रान दिसत होतं.

तिथूनच तिला मल्ली दिसली. आजोबांच्या मांडीवर बसलेली, हातातला उंडा मातीत पडलेला. ती रडत नव्हती. नुसती एकदा उंड्याकडं, एकदा आजोबांकडं बघत होती, खालचा ओठ जरासा पुढं काढून.

रडकं वेगळं आणि केविलवाणं वेगळं. वर्षाराणीनं बटण दाबलं.

"वाक्य पहिलं. हातातला उंडा मातीत पडला, तेव्हा मल्ली रडली नाही. तिनं आजोबांकडं असं केविलवाणं पाहिलं, की आजोबांनी आपल्या तोंडाजवळचा घास तिला दिला.

"वाक्य दुसरं. जेवायला या, जेवायला या म्हणून त्यानं प्रत्येक गाडीला हात केला, आणि कुणीच थांबेना तसा तो वर केलेला हात केविलवाणा होत गेला.

"वाक्य तिसरं. पाचव्यांदा आंबिलीचा तांब्या पुढं आला, तेव्हा काकांनी पोटावर हात ठेवून केविलवाण्या आवाजात सांगितलं, आता पुरे.

"वाक्य चौथं. सगळ्या गावानं मला केविलवाणी ठरवलं, आणि मी घरात एकटी बसून गरम चहा पीत होते."

पाचवंही बोलून झालं. तिनं ते सगळं पाठवून दिलं आणि बाहेर आली, तर कोपीच्या तोंडाशी जगदेवीबाई पळी घेऊन पहारेकऱ्यासारख्या उभ्या.

दोघी जेवायला बसणार तोच मोबाईल वाजला. पुण्याला येळवस ठाऊक असायचं कारण नव्हतं. तिथं कामाचाच दिवस होता. शिवप्रसादनं मेसेज मोठ्यानं वाचला, 'चार वाक्यं घेतली. फार आवडली. पाचव्यात मागून कुणीतरी "गप बसा की मुडद्यांनो, आत सून बोलून राहिली" असं ओरडतंय. ते एक पुन्हा पाठवा. ते स्वच्छ आलं की काम तुमचं.'

सगळ्यांच्या माना जगदेवीबाईंकडं वळल्या.

"मी... पोरं लई वरडून राहिली होती म्हनून..." जगदेवीबाईंच्या हातातली पळी खाली आली.

"काही नाही अत्या. एकच तर हाय. मी परत बोलते."

पण आता जगदेवीबाई उठल्या होत्या. त्यांनी पोरांना एका ओळीत बसवलं. शिवप्रसाद शेजारच्या रानात पळाला, ट्रॅक्टर बंद. हणमंतरावांनी बांधावर उभं राहून, कंडक्टरकीतला तो जुना आवाज लावून पलीकडच्या चार रानांना सांगितलं, "थांबा! जरा थांबा! पुण्याचं काम हाय!" शिवप्पांनी बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा दोन्ही हातांनी धरून ठेवल्या. कमलम्मांनी तर तोंडातला घास चावायचा थांबवला. लांबपर्यंत रान गप झालं. वाऱ्यानं तूर हलत होती तेवढीच.

वर्षाराणी कोपीत शिरली. बाहेर इतकी शांतता होती, की आता कडब्याच्या भिंतीतूनही तिचा शब्दन् शब्द सगळ्यांना ऐकू जाणार होता. तिला ते कळलं. मग तिनं ठरवलं, जाऊ दे ऐकू.

"वाक्य पाचवं. सून कुठं आहे, असं दिवसभर ज्यानं त्यानं विचारलं. प्रत्येक वेळी 'तिचं काम आहे' असं सांगताना सासूचं हसू केविलवाणं होत गेलं, पण तिनं उत्तर काही बदललं नाही."

बटण दाबल्याचा बारीकसा टिक आवाज आला. कमलम्मांनी हळूच घास गिळला आणि जगदेवीबाईंकडं न बघता त्यांच्या ताटात भज्जीची पळी वाढली.

वर्षाराणी वाकून बाहेर आली. जगदेवीबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. डोळे भरलेले आणि आवाज करारी.

"मी कवा तसं हसले गं? आँ? मी चांगली खडसून सांगत होते समद्यास्नी. इचार कमलम्माला."

"खडसूनच सांगत होती," कमलम्मा घाईनं म्हणाल्या.

"मग खोडू का ते?" वर्षाराणीनं विचारलं.

"खोडू नगं. एवढं समदं रान गप बसवलंय मी." वर्षाराणीनं वाक्य पाठवताच त्यांनी सुनेचा दंड धरून तिला खाली बसवलं आणि आपणही शेजारी बसल्या. "जेव आता. सकाळपासून चार घरचं आलं म्हनं घरी. खाल्लंस का त्यातलं काई?"

"नाही. तुमचंच खायचं राहिलं होतं."

मल्ली आजोबांच्या मांडीवरून उतरून आईच्या ताटाकडं रांगत आली. बैलांच्या माळा सुटल्या, ट्रॅक्टर पुन्हा गायला लागला, पोरं ज्वारीत घुसली. वर्षाराणीचे हात भज्जीनं माखले होते, म्हणून पुण्याचा मेसेज आला तेव्हा मोबाईल हणमंतरावांनीच उचलला. लांब धरून, चष्म्याशिवाय, सगळ्या रानाला ऐकू जाईल असा त्यांनी तो वाचला, "काम तुमचं. उद्यापासून सुरुवात करू."

"उद्यापासून?" जगदेवीबाई तोंडात घास असतानाच म्हणाल्या. "उद्या दळन हाय. बरं, असू दे. दळन मी बघते. पर दुपारच्याला कोपीत येऊन बस गं, घरी लोक बसू देनार न्हाईत तुला. कोप आठ दिस मोडायची न्हाई, मी सांगते समद्यास्नी."